आईची टेप, बाबांची ढेरी

आईच्या शिलाई मशीनच्या खणात एक लांबट वही आहे. गिऱ्हाइकांच्या मापांची. तिच्या शेवटच्या चार पानांवर घरच्यांची मापं आहेत. आई मुख्यतः ब्लाउज आणि ड्रेस शिवते, पण बाबांचे ऑफिसचे शर्टही तिनेच शिवलेले. शर्टाच्या मापात एक रकाना असतो 'पोट' आणि पँटच्या मापात एक असतो 'कंबर'. ज्याने कधी कपडे शिवून घेतले नाहीत त्याला ही दोन्ही एकच वाटतील. बाबांच्या पानावर २००२ साली कंबर ३२ आणि पोट ३३ आहे. २०१८ साली कंबर ३४ आणि पोट ३९.

म्हणजे सोळा वर्षांत पँट फक्त दोन इंचांनी वाढली, कारण बाबा पट्टा दरवर्षी थोडा खाली बांधत गेले. ढेरी वर मोकळी राहिली. ते अभिमानाने सांगायचे, "अजून चौतीसचीच पँट लागते मला." वजनही ६८ किलोच्या आसपास, उंची पाच फूट सात इंच. ऑफिसच्या तपासणी शिबिरात त्यांच्या कागदावर दरवर्षी 'नॉर्मल' लिहून यायचं. आई पाच फूट एक इंच, ७० किलो. कुटुंबीयांसाठी शिबिर असलं की तिच्या कागदावर लाल पेनाने 'वजन कमी करा'.

२०१९च्या दिवाळीनंतर हार्ट अटॅक आला तो बाबांना. वय ५१. दोन स्टेंट बसले, रक्तातली साखरही वाढलेली निघाली. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये काका म्हणाले, "ह्याला कसा काय आला? वहिनींना आला असता तर समजू शकलो असतो." आई तिथेच होती, हातात थर्मास घेऊन. ती काही बोलली नाही. मी कॉमर्स शिकलेली मुलगी, शरीरशास्त्राशी माझा दहावीनंतर संबंध आलेला नव्हता. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. काका दुष्ट नाहीत, त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. आणि नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की हाच प्रश्न सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी मार्सेयच्या एका डॉक्टरलाही पडला होता. फक्त त्याने तो उलट्या बाजूने विचारला.

त्याचं नाव झाँ वाग. १९४७ म्हटलं की आपल्याला दुसरंच काही आठवतं, पण त्याच वर्षी फ्रान्समधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात त्याचा लेख आला. तोवर लठ्ठपणा मोजायचा म्हणजे वजन करायचं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने १९४२-४३ मध्ये उंचीप्रमाणे 'आदर्श' वजनांचे तक्ते काढले होते आणि डॉक्टर तेच वापरत होते. वागच्या दवाखान्यात मात्र गणित जुळत नव्हतं. लठ्ठ बायका भरपूर यायच्या. पण मधुमेह, हृदयविकार आणि गाउट यांचे बळी मोजायला गेलं तर पुरुष जास्त, आणि त्यातले बरेचसे बायकांइतके जाडही नसायचे.

वाग वजनकाटा सोडून माणसांना चिमटे काढायला लागला. शब्दशः. दंडावरची आणि मांडीवरची कातडी चिमटीत धरून तिथली चरबी आणि स्नायू यांचं प्रमाण तो मोजायचा. त्यातून त्याने लठ्ठपणाचे दोन घाट सांगितले. एकात चरबी मानेभोवती, खांद्यांवर, पोटावर जमते. त्याला त्याने नाव दिलं अँड्रॉइड. (हो, तुमच्या फोनमध्ये आहे तोच शब्द. ग्रीकमध्ये 'पुरुषासारखा'.) दुसऱ्यात ती कंबरेखाली, नितंबांवर आणि मांड्यांवर जमते. तो गायनॉइड, म्हणजे स्त्रीसारखा.

पण मला वागची खरी हुशारी इथे वाटत नाही. पुरुष असे, बायका तशा, हे कुठलाही शिंपी सांगेल. वागने पुढची पायरी घेतली. ज्या बायकांची चरबी पुरुषांसारखी पोटावर होती, त्यांना पुरुषांचे आजार होत होते. ज्या पुरुषांची चरबी बायकांसारखी खाली होती, ते बऱ्यापैकी सुटत होते. म्हणजे धोका पुरुष असण्यात नव्हता, चरबी कुठे बसली आहे त्यात होता. १९५६ साली त्याने हे इंग्रजीतही लिहिलं. तरी पुढची पंचवीस वर्षं फार कोणी मनावर घेतलं नाही. उलट १९७२ साली अमेरिकेतल्या अँसेल कीजने जुन्या बेल्जियन गणितज्ञाचं एक सूत्र उकरून काढलं, किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, आणि त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. कीजच्या त्या अभ्यासात फक्त पुरुष होते. आईच्या कागदावरचा लाल शेरा ह्या सूत्रातून आला होता आणि बाबांचा 'नॉर्मल'ही.

वागकडे दुर्लक्ष होण्याचं एक कारण असंही होतं की चरबी ही निर्जीव गोष्ट आहे असंच बहुतेकांना वाटायचं. कोठारात पडलेलं धान्य. कोठार पुढच्या अंगणात आहे की मागच्या, काय फरक पडतो? ह्या समजुतीला पहिला तडा १९३५ साली गेला होता. रुडॉल्फ शोनहाइमरने न्यूयॉर्कमध्ये उंदरांना जड हायड्रोजनची खूण केलेली चरबी खायला घातली आणि बघितलं, तर ती साठ्यात जात होती, साठ्यातली जुनी बाहेर येत होती, वजन तेवढंच असतानाही. कोठारात रोज उलाढाल चालू होती. मग १९६४ साली मार्टिन रॉडबेलने चरबीच्या गोळ्यातून एकेक पेशी सुटी करायची युक्ती काढली. पेशींना बांधून ठेवणारं जाळं एका एन्झाइमने विरघळवायचं. बाकीचं सगळं खाली बसतं आणि चरबीच्या पेशी हलक्या असल्यामुळे दुधावर साय यावी तशा वर तरंगतात. ती साय काढून घ्यायची आणि तिला विचारायचं, अमुक हार्मोन दिलं तर तू काय करतेस?

आता पेशींना प्रश्न विचारता येत होते. पण कुठल्या जागेच्या पेशींना विचारायचे, हे स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहराने शिकवलं.

तिथे पेर ब्योर्नटॉर्प नावाचा डॉक्टर आणि त्याचे सहकारी होते. त्यांच्या हाताशी शहरातल्या सामान्य माणसांचे दोन मोठे गट होते. एक, १९१३ साली जन्मलेले पुरुष. दुसरा, ३८ ते ६० वयाच्या १४६२ बायका. सगळ्यांची मापं आधीच घेऊन ठेवलेली, मग फक्त वाट बघायची. १९८४ साली दोन्हींचे निकाल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. ७९२ पुरुषांचा तेरा वर्षं आणि बायकांचा बारा वर्षं माग काढल्यावर दिसलं की हार्ट अटॅक आणि मृत्यू यांच्याशी ज्या आकड्याचं नातं होतं तो साधा होता: कंबरेचा घेर भागिले नितंबांचा घेर. बीएमआय त्याच्यापुढे फिका पडला. वागने चिमट्याने जे सांगितलं होतं, ते ह्यांनी शिंप्याच्या टेपने सिद्ध केलं.

१९९२ मध्ये त्याच गटाने आणखी धाडसी गोष्ट मांडली. पुरुषांना हार्ट अटॅक बायकांपेक्षा कितीतरी जास्त येतात. पण कंबर आणि नितंबांचं गुणोत्तर हिशेबात धरलं की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. मला हे वाचून आधी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, मग शंका आली. हे गुणोत्तरच स्त्री-पुरुषांत इतकं वेगळं असतं की ते हिशेबात धरणं म्हणजे जवळपास स्त्री की पुरुष हेच हिशेबात धरणं. तरी ज्या बायकांचं गुणोत्तर जास्त त्यांना धोका जास्त, हे त्यांच्या पहिल्या निकालातच आलं होतं, आणि ते टिकलं.

पण पोटावरची चरबी असं काय करते, जे मांडीवरची करत नाही?

बँकेच्या भाषेत सांगते, ती मला जवळची. चरबीची पेशी जेवणानंतर पैसे जमा करून घेते आणि उपाशी असताना, पळताना, घाबरल्यावर काढून देते. काढायचा हुकूम घेऊन येतं नॉरअ‍ॅड्रेनलिन. गंमत अशी की पेशीच्या दारावर ह्या एकाच हुकुमासाठी दोन प्रकारचे शिपाई असतात. बीटा प्रकारचे रिसेप्टर हुकूम ऐकून तिजोरी उघडतात. अल्फा-२ प्रकारचे तोच हुकूम ऐकून तिजोरी बंद करतात. कुठल्या पेशीवर कुठले शिपाई जास्त, त्यावर पैसे किती सहज सुटतील ते ठरतं. फ्रान्समधल्या तुलूझला मॅक्स लाफोंतां आणि स्टॉकहोमला पेटर आर्नर यांच्या प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं हे शिपाई मोजले. बायकांच्या मांड्या-नितंबांवरच्या पेशींवर अल्फा-२ शिपाई भरपूर निघाले. तिथली चरबी म्हणजे फिक्स्ड डिपॉझिट. पोटावरचं चालू खातं.

पोटातही दोन खाती आहेत. एक कातडीखालचं, जे चिमटीत येतं. दुसरं आत, आतड्यांवर झालरीसारखं पसरलेलं, जे चिमटीत येत नाही आणि ज्याच्यामुळे ढेरी हाताला टणक लागते. बाबांची तशी होती. एकूण चरबीचं प्रमाण बायकांच्या शरीरात जास्त असतं, पण हे आतलं खातं पुरुषांचं मोठं असतं. त्यातून सुटलेली फॅटी अ‍ॅसिड्स सगळ्या अंगभर फिरत बसत नाहीत. आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेतून थेट यकृतावर जाऊन आदळतात. यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं, नको तेव्हा साखर बनवतं, इन्सुलिनला दाद देईनासं होतं. हे म्हणणं ब्योर्नटॉर्पने १९९० मध्ये नीट मांडलं.

१९९७ साली आर्नरच्या गटाने पोटाचं ऑपरेशन करून घ्यायला आलेल्या लठ्ठ स्त्रिया आणि पुरुष यांच्या ह्या आतल्या चरबीचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून बघितले. पुरुषांच्या पेशी आकाराने मोठ्या होत्या. त्यांचे तिजोरी उघडणारे बीटा-३ शिपाई जास्त तत्पर होते आणि बंद करणारे अल्फा-२ शिपाई ढिले. म्हणजे जागा तीच, लठ्ठपणा तोच, तरी पुरुषाच्या पोटातून यकृताकडे जाणारा लोंढा मोठा. काकांच्या प्रश्नाचं एक उत्तर मला इथे मिळालं.

मग बायकांचं फिक्स्ड डिपॉझिट कशासाठी? ह्याचंही उत्तर गोथेनबर्गलाच सापडलं, आणि सगळ्या वाचनात मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही आहे. १९८५ साली मारिएल रेबुफे-स्क्रिव्ह आणि ब्योर्नटॉर्प यांनी वेगवेगळ्या अवस्थांमधल्या बायकांच्या मांडीची आणि पोटाची चरबी तपासली. एरवी मांडीची चरबी जमा करून घ्यायला उत्सुक आणि सोडायला नाखूश. पण बाळाला पाजणाऱ्या बायकांमध्ये चित्र पालटलं होतं. तिथलं जमा करणं मंदावलं होतं आणि तिजोरी सहज उघडत होती. डिपॉझिट बाळाच्या नावाने होतं. आईला हे सांगितलं तेव्हा ती दोरा ओवत होती. म्हणाली, "तुला दीड वर्ष अंगावर पाजलं तेव्हाच काय ती मांड्यांवरून उतरले होते मी. नंतर कितीही उपास केले तरी खालचं काही हललं नाही. तोंड तेवढं सुकायचं." एवढे उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, आणि मधल्या वारी नुसती कोशिंबीर.

त्या खालच्या चरबीने तिचं नुसतं नुकसान केलं नाही असं नाही, तिने तिला बहुधा सांभाळलंही. हे पटायला स्कॉटलंडमधल्या काही कुटुंबांकडे बघावं लागतं. ग्लासगोच्या मॅथ्यू डनिगनने १९७४ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. त्या घरांतल्या मुली वयात येतात तेव्हा त्यांच्या हातापायांवरची आणि नितंबांवरची चरबी नाहीशी होत जाते. पाय पिळदार, खेळाडूसारखे दिसतात. मासिकांतल्या व्याख्येने हेवा वाटावा असे. आणि त्यांना तरुणपणी मधुमेह होतो, ट्रायग्लिसराइड भयंकर वाढतात. खाली ठेवायला जागा नसल्याने चरबी यकृतात आणि स्नायूंत शिरते. त्याच घरांतल्या पुरुषांना हाच दोष असतो, पण त्यांचं तेवढं बिघडत नाही. मुळात ज्याचं खालचं खातं छोटंच, त्याला ते बंद झाल्याचा फटका कमी.

इथे थांबले असते तर गोष्ट सोपी झाली असती: बाबांची चरबी वाईट, आईची चांगली. पण मेयो क्लिनिकच्या मायकेल जेन्सनने ती गुंतागुंतीची केली. रक्तात आणि यकृतात पोचणाऱ्या फॅटी अ‍ॅसिड्सचा हिशेब त्याच्या गटाने प्रत्यक्ष माणसांत लावला, २००४ मध्ये. तर यकृताला मिळणाऱ्या मालात आतल्या चरबीचा वाटा सडपातळ माणसांत पाच-दहा टक्के आणि लठ्ठांत वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास निघाला. बाकीचा बहुतेक माल कातडीखालच्या चरबीचा, त्यातही धडाच्या वरच्या भागातल्या. म्हणजे पोर्टल शीर हा एकटा गुन्हेगार नाही. आणि आतली चरबी वाढत गेली तसा तिचा वाटा पुरुषांपेक्षा बायकांमध्ये अधिक वेगाने चढत होता. हे वाक्य मी दोनदा वाचलं. आईची पाळी तेव्हा थांबत आली होती. इस्ट्रोजेन कमी झालं की नवी चरबी खाली न जाता पोटात जायला लागते. खातं बदलतं.

टेपचा इतिहास तिकडे चालूच होता. २००५ मध्ये ५२ देशांतल्या सुमारे २७ हजार माणसांच्या अभ्यासात पुन्हा कंबर-नितंब गुणोत्तरच बीएमआयपेक्षा सरस ठरलं. जपानने २००८ साली कायदाच केला, ४० ते ७४ वयाच्या नागरिकांची दरवर्षी कंबर मोजायची. पुरुषांना मर्यादा ८५ सेंटिमीटर आणि बायकांना ९०. बायकांना जास्त! जगात बाकी ठिकाणी उलट असतं. कारण ओसाकाच्या संशोधकांनी सीटी स्कॅनमध्ये आतल्या चरबीचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर हा निकष धरला. बायकांच्या पोटावर कातडीखालचा थर जाड असल्यामुळे तेवढी आतली चरबी जमेपर्यंत त्यांची कंबर अधिक रुंद झालेली असते. तर्क बरोबर, आणि तरी त्यावर पुष्कळ टीका झाली. एकच टेप दोन शरीरांवर दोन वेगळ्या गोष्टी मोजते, एवढं मात्र त्यातून स्पष्ट होतं.

आपल्याकडचा धागा पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधून जातो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. संशोधकाने स्वतःचंच शरीर पुरावा म्हणून पुढे करावं, हे मला फार आवडलं. आणि हे मोठेपणी वडापाव खाऊन होतं असंही नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मणारी बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोंची. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटाचा घेर कमी होता, पण पाठीवरची चरबी त्या मानाने शाबूत होती. बारीक दिसणारी, आतून चरबीदार बाळं. म्हणून भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये आपल्या मर्यादा खाली आणल्या: पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. इंचांत साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कंबर-नितंब मोजायला सुरुवात झाली ती २०१९-२१च्या पाचव्या फेरीत. त्यात ५७ टक्के बायका आणि ४८ टक्के पुरुष धोक्याच्या गुणोत्तरात निघाले. बायका पुढे.

बाबांचं पोट साडेपस्तीस इंच कधी ओलांडलं ते मी वहीत शोधलं. २००९ च्या दिवाळीच्या शर्टाला ३६ आहे. हार्ट अटॅकच्या दहा वर्षं आधी. आकडा घरातच, आईच्या अक्षरात लिहिलेला होता. शिबिरात काटा होता, टेप नव्हती.

गेल्या महिन्यात मी आईला म्हटलं, तुझं माप कुठाय? तिच्या पानावर छाती, खांदा, बाही, उंची सगळं आहे. कंबर नाही. परकराला नाडी असते, तिला कंबरेचं माप लागतच नाही, जेवढी वाढेल तेवढी नाडी सैल. साडीवाल्या बाईची कंबर कोणी मोजतच नाही. मी तिला उभं केलं. खालची बरगडी आणि कंबरेचं हाड चाचपून दोन्हींच्या मध्यावर टेप लावली. तिने सवयीने पोट आत ओढलं. "सोड गं," मी म्हटलं, "श्वास सोड." तिने सोडला. साडेछत्तीस.

"बाबांचं तेव्हा छत्तीस होतं ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने वही ओढून घेतली, कानामागची पेन्सिल काढली, स्वतःच्या नावापुढे नवीन रकाना आखला आणि आकडा लिहिला. मग तारीख. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "उद्या काकांनापण बोलाव. शर्टाचं माप घ्यायचंय म्हणून सांग."